अंगाची हजेरी

(आपल्या बॅचच्या डिसेंबर २०२४ मधील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी मला वीस मिनिटं आणि एक विषय दिला होता, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली मुलं'. मी हो म्हटलं, स्लाइडसुद्धा तयार केल्या. मग कुणीतरी ग्रुपवर आपल्या दहावी 'ब'च्या हजेरीपटाचा फोटो टाकला. चोपन्न नावं. त्यातल्या चार नावांपुढे आता 'कै.' लिहावं लागतं. तीन जण आजारानं किंवा अपघातानं गेले. चौथ्याबद्दल आपण ग्रुपवर लिहिलं, 'अचानक गेला, फार वाईट झालं' आणि हात जोडलेली चित्रं टाकली. अचानक म्हणजे काय, ते आपल्या सगळ्यांना माहीत होतं. त्याच्या घरच्यांचा मान राखून मी नाव घेणार नाही. पण तो फोटो पाहिल्यावर मला त्या स्लाइड दाखवाव्याशा वाटेनात. संयोजकांना फोन करून विषय बदलून मागितला. ते दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, "बोल. पण आनंदाचा दिवस आहे, सगळ्यांना रडवू नकोस." प्रयत्न करते.

सुरुवात शाळेपासूनच करते. पीटीच्या बाई इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, तुम्हाला आठवतं का माहीत नाही. मैदानाला दोन फेऱ्या मारून झाल्या की तुम्ही आम्हाला मनगटावर तीन बोटं ठेवायला लावायचात. पंधरा सेकंद ठोके मोजायचे आणि चारनं गुणायचं. आम्ही अर्ध्या मुली गणित चुकायचो. कुणाचे दोनशे, कुणाचे चाळीस. तुम्ही म्हणायचात, "आकडा चुकला तरी चालेल, पण ठोका लागतोय का ते बघा." आम्ही हसायचो. पुढे पंचवीस वर्षांनी माझ्यावर अशी वेळ आली की मला माझा ठोका लागेना. रूपक म्हणून म्हणत नाही, खरंच.

२०१९ साल. मी एकोणचाळीस वर्षांची. पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम सांभाळत होते. दिवसा इथलं काम, रात्री अमेरिकेतल्या लोकांशी कॉल. त्याच वर्षी बाबांचं आजारपण, मुलीची शाळा, घराचे हप्ते. तुमच्यापैकी निम्म्या लोकांचं हेच चालू असेल, त्यामुळे त्याचं मोठं वर्णन करत नाही.

आधी खांदा धरला. मग पोटात जळजळ सुरू झाली. मग पहाटे तीनला जाग यायची आणि पुन्हा डोळा लागायचा नाही. वजन सात किलोनं उतरलं, तर ऑफिसात मैत्रिणी विचारू लागल्या, "डाएट कोणतं गं?" मी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले, पोटाच्या डॉक्टरांकडे गेले, फिजिओथेरपी केली, दुर्बीण घालून पोट तपासून घेतलं. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, रिपोर्ट नॉर्मल. मन कसं आहे, हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. डॉक्टरांना तरी दोष कसा द्यायचा? मी खांदा घेऊन गेले होते, त्यांनी खांदा पाहिला.

हे माझ्या एकटीचं नाही, हे नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेनं चौदा देशांत एक मोठी पाहणी केली होती, तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात आपलं बंगळूरही होतं. साध्या दवाखान्यात आलेल्या आणि नैराश्य असलेल्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के लोकांनी दवाखान्यात येण्याचं कारण म्हणून फक्त शरीराच्या तक्रारी सांगितल्या होत्या. डोकं, पाठ, पोट, थकवा. म्हणजे बहुतेक लोकांचं नैराश्य दवाखान्यात शिरतं ते अंगदुखीच्या नावानं.

पण माझी गोष्ट इथे संपली नाही. पुढचा टप्पा असा आला की दुखणंही कमी झालं. मला वाटलं, बरं वाटतंय. खरं तर काहीच वाटत नव्हतं. चहा गोड की अगोड कळायचं नाही. जेवले की नाही, हे ताटलीकडे बघून ठरवायचे. एकदा तव्याला हात लागला, फोड आला, आणि तो मला दाखवला माझ्या मुलीनं. "आई, हाताला काय झालं?" मी पाहिलं, तर चांगला मोठा फोड. मला पत्ताच नव्हता.

इथे मी माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगते. आमच्या टीममध्ये आळीपाळीनं 'ऑन-कॉल' असतं. रात्री सर्व्हरला काही झालं की फोनवर अलर्ट येतो. अलर्ट फार वाजायला लागले की वैतागून माणूस ते म्यूट करतो, हा पहिला गुन्हा. पण त्याहून भयंकर एक प्रकार असतो. डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसत असतं, आणि ते हिरवं दिसतं कारण त्या सर्व्हरकडून माहिती येणंच बंद झालेलं असतं. चूक नोंदवणारा भागच बंद पडलाय, म्हणून चुका शून्य. नव्या मुलांना मी पहिल्या आठवड्यात हे शिकवते, की शून्य चुका दिसल्या तर आधी विचारा, माहिती येतेय ना? हे मी दहा वर्षं दुसऱ्यांना शिकवत होते. स्वतःचा डॅशबोर्ड हिरवा दिसला, तेव्हा मात्र मी खूश झाले.

त्या काळात एक विचार आला. तो रडत-भेकत आला नाही, अगदी शांतपणे, हिशेबासारखा आला. मी नसले तर सगळ्यांचं सोपं होईल. मी यांच्यावर ओझं आहे. तो विचार मला दुःखद वाटला नाही, बरोबर वाटला, आणि यातली भीतीची गोष्ट हीच आहे. एरवी असा विचार आला तर माणसाच्या काळजात धस्स होतं, हातपाय गार पडतात. शरीर नको म्हणतं. माझ्या शरीरानं काहीच म्हटलं नाही, कारण त्याचं माझ्याशी बोलणंच बंद झालं होतं.

मला कुणी वाचवलं, ते सांगते. ती या हॉलमध्येच आहे आणि नाव घेऊ नकोस म्हणून दम देऊन बसली आहे. पाचवीपासून दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायची. आता सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिचा फोन आला होता भलत्याच कामासाठी, कुणाच्या तरी लग्नाच्या आहेराचं विचारायला. दोन मिनिटांत म्हणाली, "काय गं, आवाज असा का येतोय?"

"काही नाही गं. झोप झाली नाही."

"जेवलीस का?"

"आठवत नाही."

ती थांबली. मग सरळ विचारलं, "खरं सांग मला. मरून जावं असं येतं का तुझ्या मनात?"

इतक्या महिन्यांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता. मी 'हो' म्हटलं. ती ओरडली नाही, "असं काय बोलतेस, तुला काय कमी आहे" असं म्हणाली नाही. "बरं झालं सांगितलंस. आता फोन ठेवायचा नाही, आधी नवऱ्याकडे दे," एवढंच म्हणाली. त्याला तिनं सांगितलं, आज हिला एकटं सोडायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी पहाटेची एसटी पकडून, नऊच्या आधी माझ्या दारात उभी. हातात डबा. मानसोपचारतज्ज्ञांकडे मला तीच घेऊन गेली.

डॉक्टरांनी नऊ प्रश्नांचा एक कागद दिला, पीएचक्यू-९ म्हणतात त्याला. जगभर वापरतात. मी तो भरताना थक्क झाले. उदास वाटतं का, हे विचारलंय, पण त्याबरोबर झोप, थकवा, भूक, हालचाली मंदावल्यात का, हेही विचारलंय. यातली कितीतरी उत्तरं माझ्या शरीरानं वर्षभर आधीच लिहून ठेवली होती. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तिथपर्यंत पोचायच्या आधीच मला कुणीतरी अडवायला हवं होतं, किंवा मीच मला.

औषधं सुरू झाली. परिणाम दिसायला काही आठवडे लागले. त्याबरोबर समुपदेशन. पहिल्याच बैठकीत समुपदेशक बाईंनी विचारलं, "हे बोलताना आत्ता शरीरात कुठे काय जाणवतंय?" मी म्हटलं, "कुठेच नाही." मला वाटलं, हे उत्तर दिलं की विषय संपला. त्या म्हणाल्या, "मग आपण इथूनच सुरू करू."

इंजिनिअर असल्यामुळे मला कसं चालतं ते कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून मी वाचायला लागले. डॉक्टर नाही मी, तेव्हा जेवढं पक्कं समजलं तेवढंच सांगते.

आपण पाच इंद्रियं शिकलो. पण शरीराला आतलीही जाणीव असते. भूक, तहान, श्वास, हृदयाचे ठोके, पोटातली कालवाकालव, उष्णता, वेदना. चार्ल्स शेरिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १९०६ च्या आपल्या ग्रंथात शरीराच्या आतून खबर आणणाऱ्या संवेदकांना वेगळं नाव दिलं. त्यावरून आज या आतल्या जाणिवेला इंटरोसेप्शन म्हणतात. शेरिंग्टनना पुढे १९३२ मध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाबरोबर नोबेल मिळालं. मेंदूत कानाच्या वरच्या बाजूला, घडीच्या आत दडलेला इन्सुला नावाचा भाग आहे. शरीराच्या आतल्या खबरी मोठ्या प्रमाणात तिथे जमा होतात, आणि भावना जाणवण्याशीही त्याच भागाचा जवळचा संबंध आहे. म्हणजे 'मला कसं वाटतंय' याचं उत्तर मेंदू बऱ्याच अंशी शरीराला विचारूनच देतो.

१९८१ मध्ये राइनर शँड्री या जर्मन संशोधकानं एक साधा प्रयोग मांडला. मनगटाला हात न लावता, नुसतं आत लक्ष देऊन स्वतःचे ठोके मोजायचे आणि यंत्रावरच्या आकड्याशी ताडून पाहायचे. बाई, तुमच्याच पीटीच्या तासाची ही पुढची इयत्ता! काहींना ठोके छान कळतात, काहींना अजिबात नाही. या चाचणीत अंदाजानंही आकडा सांगता येतो, हा तिच्यातला दोष आहे, म्हणून तिच्यावर टीकाही झाली आहे.

मग २०२० मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक आजाराचे दोन गट घेतले. एका गटातल्या लोकांनी मागच्या काही वर्षांत जीव देण्याचा प्रयत्न केला होता, दुसऱ्या गटात आजार तसेच पण प्रयत्न नव्हता. प्रयत्न केलेल्या गटाला स्वतःचे ठोके कमी अचूक कळत होते. बर्फासारख्या पाण्यात हात घालणं त्यांनी जास्त वेळ सोसलं. आत लक्ष द्यायला सांगितलं, तेव्हा इन्सुलामधली हालचालही कमी दिसली. म्हणजे शरीराची धोक्याची घंटाच त्यांच्यापर्यंत दबून पोचत होती.

हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटवून बराच वेळ नुसती बसले होते. तव्याचा फोड आठवला.

यावरून घाईनं निष्कर्ष काढू नका. ठोके मोजता आले नाहीत म्हणजे कुणाला धोका आहे, असं मुळीच नाही. माणूस जगण्याला का कंटाळतो, याला दहा कारणं असतात. कर्ज, आजार, व्यसन, अपमान, घरातली मारहाण, एकटेपण. अंगाची जाणीव हा त्यातला एक धागा आहे. माझ्या बाबतीत तो मोठा निघाला, म्हणून मी त्याच्याबद्दल बोलतेय.

खरं तर आपल्या मराठीला हे कधीच माहीत होतं. भीती वाटली की आपण म्हणतो पोटात गोळा आला. वाईट बातमी आली की हातपाय गळाले. रडू आवरलं की आवंढा गिळला. काळजीनं जीव टांगणीला. माया आली की पोटात तुटतं. राग मस्तकात जातो. आपली आजी 'मला डिप्रेशन आलंय' म्हणाली नसती, 'अंगात त्राण नाही गं, जीव रमत नाही' म्हणाली असती. आणि शेजारणीला ते बरोबर कळलं असतं. आपण शिकलो आणि या सगळ्याला 'स्ट्रेस' हा एकच शब्द केला. स्ट्रेस म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. पोटात गोळा म्हटलं की समोरचा विचारतो, "कशानं गं?"

मला परत जोडून घ्यायला काय करावं लागलं, ते सांगते. मी त्याला 'अंगाची हजेरी' म्हणते. सर वर्गात आले की हजेरी घ्यायचे, तशी. दिवसातून तीनदा, दोन-तीन मिनिटं. डोळे उघडे ठेवूनही चालतं. तळपाय? हजर, फरशी गार आहे. पोट? हजर, रिकामं आहे. छाती? हजर, श्वास वरच्यावर चाललाय. खांदे? हजर, कानापर्यंत चढलेत. जबडा? हजर, दात आवळलेत. बदलायचं काहीच नाही, फक्त नाव पुकारायचं आणि उत्तर येतंय का बघायचं. पहिले दोन आठवडे निम्मे विद्यार्थी गैरहजर होते. मग एक दिवस भांडी घासताना कोमट पाणी हाताला बरं वाटलं. एवढंच. पण मी नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले. कितीतरी महिन्यांनी काहीतरी बरं वाटलं होतं.

ही माझी शोधून काढलेली युक्ती नाही. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या कार्यक्रमात अंगावरून असं लक्ष फिरवणं शिकवतात. त्यावर आधारलेल्या उपचाराचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना नैराश्य तीन किंवा जास्त वेळा येऊन गेलं होतं, त्यांच्यात वर्षभरात ते उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, या उपचाराची जोड दिल्यावर ३७ टक्के झालं. मात्र दोन गोष्टी नीट ऐका. एक, मी औषधं सोडून हे केलं नाही, औषधांबरोबर केलं. दोन, सगळ्यांना हे मानवत नाही. ज्यांना धडधडीची भीती बसते किंवा ज्यांच्या शरीरावर पूर्वी अत्याचार झालाय, त्यांना आत बघणं उलट त्रासाचं होऊ शकतं. त्यांनी जाणकाराबरोबरच करावं. ऐन वाईट क्षणी तर हजेरी घेत बसू नका, माणूस गाठा.

आता शेवटचं, आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ माणसांनी स्वतःचा जीव घेतला. राज्यांमध्ये सगळ्यात मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा, २२,७४६. हे सगळे कुणाच्या ना कुणाच्या बाकावर बसत होते.

म्हणून विचारा. विचारल्यानं विचार डोक्यात पेरला जातो, ही समजूत चुकीची आहे. अनेक अभ्यासांत तसं होत नाही असंच दिसलंय. आडून विचारू नका. "तू तसलं काही करणार नाहीस ना?" असं विचारलं की समोरचा नाहीच म्हणतो. माझ्या मैत्रिणीसारखं सरळ विचारा. 'हो' आलं तर उपदेश करू नका, एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे तुम्ही स्वतः घेऊन जा. आणि कायद्याची भीती घालू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असं धरलंय की जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली असतो. त्याला शिक्षा नाही, काळजी आणि उपचार मिळावेत. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, क्रमांक १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलतात. आत्ता फोन काढा आणि सेव्ह करा. मी थांबते. सर, तुम्हीसुद्धा.

मी आज बरी आहे. मध्ये २०२१ मध्ये पुन्हा थोडं खाली गेले होते. पण या वेळी भूक गेली आणि खांदे चढले, ते मला दुसऱ्या आठवड्यातच कळलं. वर्ष लागलं नाही. डॉक्टरांना मी स्वतः फोन केला.

आपल्या त्या मित्राला मी शेवटची भेटले ते एका लग्नात. "कसा आहेस?" म्हटलं. तो म्हणाला, "मस्त, काही त्रास नाही. काहीच वाटत नाही बघ आजकाल." आम्ही दोघं हसलो आणि मी जेवणाच्या रांगेत गेले. ते वाक्य तेव्हा मला ऐकू आलं नाही. आता येतं. मी विचारलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक नाही, आणि त्याचं जाणं कुणा एकाच्या न विचारण्यानं झालं असंही नाही. पण पुढच्या वेळी कुणी 'काहीच वाटत नाही' म्हणालं, तर मी रांग सोडून त्याच्याजवळ थांबेन.

जेवण तयार आहे असा इशारा संयोजक करताहेत. भूक लागली आहे, हे मला व्यवस्थित कळतंय. चला.